आरोग्य प्रकल्पासाठी फाउंडेशनचे अनुदान : अर्ज कसा करावा? (आंबी, मावळ डोळ्यांसमोर ठेवून)

मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेच्या उत्तरेला, इंद्रायणी ओलांडली की आंबी हे गाव लागते. गावाच्या आसपास औद्योगिक वसाहत आहे, मोठी महाविद्यालये आहेत. जुन्या वस्तीसोबत भाड्याच्या खोल्यांत राहणारे कंत्राटी कामगारही आता या परिसराचा भाग झाले आहेत. दवाखाने फार लांब नाहीत. पण ज्या बाईला दिवस भरला तरच हजेरी मिळते, तिच्या कामाची वेळ आणि दवाखान्याची वेळ एकच असते. म्हणून ती जात नाही, आणि रक्त कमी आहे हे तिला बाळंतपणातच कळते.

अशा गावांतील तरुण कार्यकर्ते आम्हाला वारंवार एकच प्रश्न विचारतात : विहारात किंवा समाजमंदिरात आरोग्याचे नियमित काम सुरू करायचे आहे, त्यासाठी एखाद्या फाउंडेशनचे अनुदान कसे मिळवायचे? एक-दोन शिबिरे वर्गणीतून होतात. वर्षभराचे काम वर्गणीवर चालत नाही. या लेखात आम्ही अर्जाची तयारी, कागदपत्रे, अंदाजपत्रक आणि अनुदान मिळाल्यानंतरची जबाबदारी क्रमाने मांडत आहोत.

आधीच सांगावे असे एक आहे. फाउंडेशन दुःख पाहून पैसे देत नाही. मोजता येईल असा प्रश्न, करता येईल असे काम आणि हिशेब देऊ शकेल अशी संस्था, या तीन गोष्टी पाहून पैसे देते. अर्जाची भाषा कितीही भावपूर्ण असली तरी यातील एक गोष्ट कमी पडली की अर्ज बाजूला पडतो.

दानाची नोंद मावळात जुनी आहे

कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी मावळातली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तर खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांची नावे आहेत आणि त्यांत यवनही आहेत. भाजे येथे महारथी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा लेख आहे. कोणी दिले, काय दिले, हे दगडावर कोरून सर्वांसमोर ठेवले आहे. आजचा प्रस्ताव आणि आजचे उपयोगिता प्रमाणपत्र यांत याच गोष्टी विचारल्या जातात.

अलीकडचे उदाहरण पुण्याजवळच्या दापोडीचे आहे. १९८० साली इंग्लंडमध्ये ‘एड फॉर इंडिया’ ही संस्था सुरू झाली. पुढे तिचे नाव करुणा ट्रस्ट झाले. तिच्या कार्यकर्त्यांनी तिथे दारोदार जाऊन सामान्य कुटुंबांकडून नियमित देणग्या मिळवल्या, आणि त्या पैशाचा आधार मिळालेल्या सुरुवातीच्या कामांत त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे दापोडीच्या वस्तीतील वैद्यकीय काम होते. एका मोठ्या धनिकाऐवजी हजारो लहान देणगीदार असणे ही त्या कामाची ताकद होती.

पैसे मागण्याआधी मोजणी

महाराष्ट्रात लोकांच्या आरोग्यासाठी झालेल्या ज्या कामांची जगाने दखल घेतली, त्यांची सुरुवात लोकांना विचारण्यापासून झाली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्याच, बहुधा कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याआधी त्या गावांत आणि तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत मृत्यूंची नोंद केली. त्यामुळेच १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांना सांगता आले, की तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाला. आधीची नोंद नसती तर हे काम चांगले होते एवढेच म्हणता आले असते.

आंबीसारख्या गावात ही मोजणी लहान प्रमाणात करता येते. उदाहरण म्हणून रक्तक्षय घेऊ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. हा राज्याचा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात येईल. पण तेवढ्यावर थांबू नये. फाउंडेशनला तुमच्या वस्तीचा आकडा हवा असतो. वस्तीतील पन्नास-साठ स्त्रियांची हिमोग्लोबिन तपासणी आरोग्य उपकेंद्राच्या मदतीने करून घ्यावी. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅम आणि गरोदर स्त्रीसाठी ११ ग्रॅम ही किमान पातळी धरतात. किती जणी त्याखाली आहेत, त्यांतल्या किती जणींना गोळ्या मिळाल्या होत्या, मिळूनही का घेतल्या नाहीत, दवाखान्यात जायला किती वेळ आणि किती मजुरी गेली, हे विचारावे. शेवटचे दोन प्रश्न सरकारी तक्त्यात नसतात. प्रस्तावात तुमचे म्हणून जे वेगळे असेल ते तिथूनच येते.

या पाहणीत जातीचा रकाना ठेवावा. ‘वंचित घटक’ असे गुळगुळीत शब्द वापरा, असा सल्ला काही सल्लागार देतात. पण सेवा कोणापर्यंत पोचते आणि कोणाच्या दारावरून पुढे जाते, हे जात नोंदवल्याशिवाय दिसत नाही. मात्र माहिती घेताना प्रत्येकीची संमती घ्यावी आणि प्रस्तावात कोणाचेही नाव, घर किंवा छायाचित्र ओळखू येईल असे देऊ नये. आजारी स्त्रीचे छायाचित्र ही अर्जाची सजावट नव्हे.

सरकार देते ते मागू नये

अर्ज करण्यापूर्वी सरकारकडून काय मिळायला हवे याची यादी करावी. सपाट भागात सुमारे ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर ३०,००० किंवा २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती असते. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातून मोफत मिळतात, गरोदर स्त्रीला १८० दिवसांच्या. गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते आणि तिला लहानसा मुक्त निधी मिळतो. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. हा खर्च कशावर झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.

ज्या गोळ्या उपकेंद्रात मोफत आहेत त्यांच्यासाठी अनुदान मागितले तर दोन नुकसाने होतात. तपासणारा अधिकारी अर्ज कच्चा समजतो. आणि आपण सरकारची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो. अनुदान मागायचे ते सरकारी सेवा आणि घर यांच्यामधली मोकळी जागा भरण्यासाठी : संध्याकाळची तपासणी, पाठपुरावा, रुग्णासोबत जाणे, समज देणे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे सहकार्याचे पत्र जोडले तर अर्जाला वजन येते.

संस्थेचे कागद

विहाराची किंवा मंडळाची संस्था नोंदलेली असेल तर महाराष्ट्रात बहुधा ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असते. अर्जासोबत पुढील कागद लागतात :

— नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली
— धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट-१ चा ताजा उतारा
— संस्थेचे पॅन कार्ड आणि संस्थेच्या नावाचे, दोन सह्यांचे बँक खाते
— मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
— आयकर कायद्यातील १२-ए आणि ८०-जी नोंदणी
— नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक
— अर्ज करण्याचा आणि सहीचा अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव

यांत सर्वाधिक अडचण परिशिष्ट-१ ची येते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. अनेक संस्थांत तो वर्षानुवर्षे दिलेला नसतो. परिशिष्टावर दिवंगत विश्वस्तांची नावे, बँकेत दुसऱ्यांची आणि अर्जावर तिसऱ्यांची, अशी स्थिती असली की फाउंडेशनची छाननी तिथेच थांबते. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी बदल अर्ज निकालात काढावेत. याला महिने लागतात, हे धरूनच वेळापत्रक आखावे.

दुसरी अडचण उद्दिष्टांची. अनेक विहारांच्या घटनेत फक्त धार्मिक उद्दिष्टे लिहिलेली असतात. आरोग्याचा उल्लेख नसेल तर आरोग्यासाठी अनुदान मिळत नाही. नियमाप्रमाणे सभा घेऊन उद्दिष्टांत आरोग्य, पोषण, माता-बालसंगोपन यांचा समावेश करावा, धर्मादाय कार्यालयात तो बदल नोंदवावा आणि आयकर नोंदणी असेल तर बदल झाल्यापासून ३० दिवसांत आयकर खात्याकडे पुन्हा अर्ज करावा. धार्मिक कार्यक्रमांचा आणि आरोग्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा.

‘फक्त बौद्धांसाठी’ हे शब्द

हा मुद्दा आपल्या संस्थांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-जी कलमानुसार, एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठीच असल्याचे जाहीर करणाऱ्या संस्थेला ही सवलत मिळत नाही. घटनेत ‘बौद्ध समाजाच्या उन्नतीसाठी’ एवढेच लिहिले असेल तर अर्ज अडू शकतो. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की अनुसूचित जाती, मागासवर्ग, अनुसूचित जमाती किंवा स्त्रिया व बालके यांच्या लाभासाठी असलेली संस्था ही एका धर्माची किंवा जातीची संस्था मानली जाणार नाही.

म्हणजे आपल्या माणसांसाठी काम करण्याला कायद्याची आडकाठी नाही. शब्द नेमका हवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना त्यांचा घटनात्मक दर्जा मिळाला. त्यामुळे ‘अनुसूचित जाती, मागासवर्ग, स्त्रिया व बालके यांचे आरोग्य’ असे उद्दिष्ट लिहिले तर बौद्ध वस्ती त्यात येते, शेजारची मातंग, कातकरी किंवा स्थलांतरित कामगारांची वस्तीही येते. आरोग्याच्या कामात ते योग्यही आहे. क्षय किंवा डेंग्यू दारावरची पाटी वाचून आत येत नाही.

(आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अर्जात कोणता क्रमांक लिहायचा ते सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे.)

कोणाकडे अर्ज करावा

पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो.

पहिली वाट देशातील खासगी फाउंडेशनची. टाटा ट्रस्ट्ससारख्या जुन्या न्यासांपासून अझीम प्रेमजी फाउंडेशनपर्यंत अनेकांनी आरोग्यासाठी अनुदाने दिली आहेत. प्रत्येकाचे विषय, प्रदेश आणि अर्जाची पद्धत वेगळी असते. एकच प्रस्ताव वीस ठिकाणी पाठवण्यापेक्षा तीन ठिकाणांचे नियम नीट वाचून तीन वेगळे प्रस्ताव पाठवणे फायद्याचे.

दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआर निधीची. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. म्हणून तळेगाव औद्योगिक क्षेत्रातील कंपन्यांकडे आंबीच्या संस्थेने जाणे हे याचना नाही, कायद्याला धरून आहे. मात्र संस्थेकडे १२-ए आणि ८०-जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. आणि कंपनी कायम राहीलच असे नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. एकाच दात्यावर उभे असलेले काम अशा दिवशी अडचणीत येते.

तिसरी वाट परदेशी निधीची. त्यासाठी २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यात घेता येतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि मोठ्या संस्थेने तो लहान संस्थेला पुढे देण्यावर बंदी आहे. दापोडीच्या काळातली वाट नव्या लहान संस्थेसाठी आज तशी खुली नाही. कोणी ‘तुमच्या खात्यावर परदेशातून पैसे पाठवतो’ असे म्हणाले तर नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नये.

संस्था नवी असेल आणि तीन वर्षांचे लेखे नसतील तर एखाद्या जुन्या, विश्वासू संस्थेसोबत लेखी करार करून तिच्या प्रकल्पात वस्तीपातळीचे काम घ्यावे. करारात मानधन, माहितीची मालकी आणि श्रेय या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात.

अंदाजपत्रक

समजा, आंबी आणि शेजारच्या वस्त्यांतील ६०० स्त्रियांसाठी एक वर्षाचा रक्तक्षय प्रकल्प आखला. आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. दर स्थानिक चौकशी करून घालावेत.

— दोन आरोग्यसखी, दरमहा ७,००० रुपये मानधन : १,६८,०००
— अर्धवेळ समन्वयक, दरमहा १०,००० : १,२०,०००
— हिमोग्लोबिन तपासणी, ६०० स्त्रिया, वर्षातून तीनदा, प्रत्येकी ५० : ९०,०००
— रुग्णांना दवाखान्यात नेणे-आणणे : ३६,०००
— प्रशिक्षण व छपाई : ३०,०००
— कार्यालय, हिशेब, लेखापरीक्षण : ४०,०००
— एकूण : ४,८४,०००

म्हणजे एका स्त्रीमागे वर्षाला सुमारे ८०७ रुपये. हा आकडा स्वतःच काढून द्यावा, कारण छाननी करणारा तो काढतोच. प्रत्येक रकमेमागे कृती असावी आणि प्रत्येक कृतीमागे रक्कम. ‘इतर खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम टाकू नये.

आरोग्यसखींचे मानधन कमी दाखवून प्रस्ताव स्वस्त करण्याचा मोह टाळावा. समाजकार्य म्हणून वस्तीतील बाईने फुकट राबावे आणि सल्लागाराने मात्र शुल्क घ्यावे, ही पद्धत आपण इतरांकडे पाहिली तर तिला शोषण म्हणतो. आपल्या प्रकल्पातही ते शोषणच असते.

स्थानिक सहभागाचा रकाना बहुतेक अर्जांत असतो. विहाराची जागा, वीज, स्वयंसेवकांचे तास यांची किंमत त्यात लिहावी. त्याबरोबर थोडी रोख वर्गणीही असावी. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले होते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. शंभर घरांनी महिन्याला २० रुपये दिले तरी वर्षाचे २४,००० होतात. रक्कम लहान आहे, पण वस्तीला हे काम हवे आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. अनुदान संपल्यावर काम तग धरेल का, या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच सुरू होते.

प्रस्तावाचा मजकूर

प्रस्ताव सहा-सात पानांपेक्षा मोठा नसावा. क्रम असा ठेवावा : संस्थेची ओळख, वस्तीचा प्रश्न आकड्यांसह, प्रकल्पात नेमके काय करणार, कोण करणार, महिनावार वेळापत्रक, बदल कसा मोजणार, अंदाजपत्रक, आणि अनुदानानंतर काय.

‘महिलांमध्ये आरोग्यविषयक जागृती करणे’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘रक्तक्षय आढळलेल्या स्त्रियांपैकी किमान ७० टक्के स्त्रियांनी गोळ्यांचा पूर्ण क्रम घेणे आणि वर्षअखेर त्यांची पुन्हा तपासणी करणे’ हे मोजता येते. जेवढे झेपेल तेवढेच लिहावे. मावळात पावसाळ्यातले चार महिने घरभेटी कमी होतात. वेळापत्रकात ते दिसले पाहिजे. मसुदा आरोग्यसखी होणार असलेल्या स्त्रियांना मराठीत वाचून दाखवावा. ज्यांनी काम करायचे त्यांना तो पटला नाही तर इंग्रजी कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

अनुदान मिळाल्यावर, आणि न मिळाल्यास

करारावर सही करण्याआधी हप्त्यांच्या अटी, अहवालाच्या तारखा, उरलेल्या रकमेचे काय करायचे आणि छायाचित्रे वापरण्याचा हक्क कोणाला, ही कलमे वाचावीत. प्रत्येक खर्चाची पावती, प्रत्येक घरभेटीची नोंद आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त ठेवावे. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्यावर खर्चण्याची वेळ आली तर आधी लेखी परवानगी घ्यावी, मग ते कारण जयंतीचे असले तरी. तिमाही हिशेबाचा एक कागद विहाराच्या फलकावर लावावा आणि पौर्णिमेच्या सभेत वाचून दाखवावा. फाउंडेशनचा अधिकारी वर्षातून एकदा येतो. वस्ती रोज पाहत असते.

नकार आला तर कारण विचारणारे सभ्य पत्र जरूर पाठवावे. काही ठिकाणांहून उत्तर येते आणि पुढच्या अर्जाला त्याचा उपयोग होतो. तोपर्यंत पाहणीत ज्या स्त्रियांचे रक्त कमी आढळले, त्यांची यादी संमतीने आशाताईंकडे देऊन गोळ्या सुरू झाल्या का, हे पाहणे थांबवू नये. त्या कामाला कोणाच्या मंजुरीची गरज नाही, आणि पुढच्या अर्जात दाखवायचा पहिला अनुभव तोच असेल.